मोटारीची पाठवणी

फिल्म धुऊन आली की ती कापायला बसतात. चांगलं ठेवतात, वाईट खाली टाकतात, आणि खाली पडलेल्या तुकड्यांचा ढीग नेहमी पिक्चरपेक्षा मोठा असतो. किश्श्यांचंही तसंच होतं. मी जन्मभर कॅमेरा चालवला, नावाजलेल्या नटांची थोबाडं टिपली, पण मित्र जमले आणि कुणी म्हणालं, "हं, सांग काहीतरी," की माझ्या तोंडात येतो तो एक माहितीपट, दोन रिळांचा. त्यात नट नाही, नटी नाही, गाणं नाही. हिरॉइन म्हणाल तर एक मोटार, आणि तीसुद्धा म्हातारी!

स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं. मोटारीचं तेल विकणाऱ्या एका विलायती कंपनीच्या मनात आलं, की मोटारीचा जन्म कसा झाला हे खेड्यापाड्यांतल्या लोकांना दाखवावं. म्हणजे लोक मोटारी घेतील आणि तेल खपेल. दिग्दर्शक होता आमचा टिपणीस. मोटारीवरचं एकूण एक पुस्तक त्यानं वाचलं होतं. मोटारीत बसला की मात्र त्याला मळमळायचं, म्हणून तो सगळीकडे चालत यायचा आणि आम्ही ताटकळत बसायचो.

कंपनीचे ब्रॉमलीसाहेब टिपणीसच्या एका वाक्यावर फिदा झाले होते. वाक्य होतं पिक्चरच्या अगदी शेवटचं: 'आणि अशा रीतीने मोटारीने बैलाला कायमचे मागे टाकले.' टिपणीसनं ते इंग्रजीत ऐकवलं, साहेबांनी टेबलावर हात मारला, पिक्चर मंजूर. भारदस्त आवाजाचा एक निवेदक त्या आठवड्यात मोकळा सापडला, म्हणून सगळं निवेदन आधीच रेकॉर्ड करून ठेवलं. आवाज तयार, चित्राचा पत्ता नाही. वर साहेबांची ताकीद, की आता आवाजातला एक शब्दही बदलायचा नाही. त्या शेवटच्या वाक्यासाठी कर्जतजवळच्या चौक गावच्या रस्त्यावर बैलगाडी आणि मोटारीची शर्यत लावायची होती, आणि अर्थातच मोटार जिंकायला हवी होती.

सामान वाहायला आम्ही चौकजवळच्या वाडीतला धर्मा पाटील ठरवला. शर्यतीतली गाडीही त्याचीच घ्यायची होती, कारण त्याचे सोन्या आणि बिजल्या हे बैल आख्ख्या खालापूर तालुक्यात कधी कुणाकडून हरले नव्हते. धर्मा सोन्या-बिजल्याचं नाव घ्यायच्या आधी तोंडातली तंबाखू थुंकून यायचा, एवढा मान. शर्यत आहे असं टिपणीसनं त्याला सांगितलं. हरायचं आहे, हे सांगितलं नाही. टिपणीसचं म्हणणं, ते कॅमेरामननं सांगावं. मी म्हटलं, माझं काम दाखवायचं, सांगायचं नव्हे. तोवर धर्मानं कर्जतच्या बाजारभर सांगून ठेवलं होतं, की माझे बैल मोटारीला मागं टाकणार हायत आणि मुंबईची कंपनी त्याचा फोटो काढायला आलीय.

झालं! आता हे ओझं डोक्यावर घेऊन आम्ही पिक्चर काढायला निघालो.

* * *

मोटार होती सोराबशेठची. कर्जतला नदीकाठी बंगला बांधून राहिलेला पारशी म्हातारा. मोटार त्याच्या वडिलांनी आणलेली, पितळी दिव्यांची, रबरी भोंग्याची, पुढून हँडल मारून सुरू करायची. ती दुसऱ्या कुणाला चालवायला देणार नाही, हाताळायलाही देणार नाही, या अटीवर तो आला होता.

पहिल्याच दिवशी टिपणीस जरा जोरात ओरडला, "चालू करा ती!" मोटार घरघरत होती, ती गप्प झाली. शेठनं हँडल मारलं, फुंकर घातली, पारशी गुजरातीत तिची मनधरणी केली. ढिम्म. मग तो टिपणीसकडे वळला आणि शांतपणे म्हणाला, "तू तिच्याशी असा बोलला. आता तूच माफी माग."

टिपणीसला वाटलं थट्टा आहे. म्हाताऱ्यानं बंगल्यावर परत जायची तयारी सुरू केली, तेव्हा कळलं की नाही. शेवटी तो एम. ए. झालेला माणूस रेडिएटरसमोर उभा राहिला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "सॉरी." शेठनं हँडल मारलं. पहिल्या झटक्याला सुरू!

त्या दिवसापासून टिपणीस मोटारीला अहोजाहो करायला लागला.

* * *

जर्मनी आम्ही कर्जतजवळच्या भिसेगावात उभी केली. भाताच्या गिरणीमागची एक शेड म्हणजे मोटारीचा शोध लावणाऱ्या जर्मन माणसाचा कारखाना. त्या माणसाचं काम करणारा नट मुंबईहून यायचा होता, तो आलाच नाही. टिपणीस डोकं धरून बसला. समोर धर्मा पेट्या उतरवत होता. नाक सरळ, मिशा भरघोस. टिपणीस उठला, त्यानं धर्माला दाढी चिकटवली, काळा कोट चढवला, आणि जर्मनी तयार झाली.

धर्मानं एकच प्रश्न विचारला, की या मानसाच्या मनात काय चाललंय? टिपणीस रंगात आला. म्हणाला, या माणसानं तिला जन्म दिलाय. रात्रंदिवस कष्ट केले, लोक हसले, आणि आज ती पहिला श्वास घेणार आहे. धर्मानं मान डोलावली. म्हणाला, "म्हंजी बापच झाला की."

कॅमेरा सुरू केला. धर्मा मोटारीभोवती फिरला, चाकावरून हात फिरवला, खाली वाकून पाहिलं. काय सांगू, असा अभिनय मी मोठमोठ्या स्टुडिओत पाहिला नाही! मग आपल्याकडचा कुठलाही बापमाणूस विचारात पडला की करतो तेच त्यानं केलं. कोटातून चंची काढली, तळहातावर तंबाखू-चुना मळला, टाळी वाजवून उडवला आणि चिमूट ओठाखाली सोडली. इतकं सहज, की 'कट' म्हणायचं टिपणीसला सुचलं नाही.

याच शॉटमध्ये मागे फळीवर कंपनीच्या तेलाचा डबा दिसतो. तो कामतांनी ठेवला. कामत हे कंपनीचे प्रसिद्धी अधिकारी, आणि प्रत्येक दृश्यात डबा दिसतो की नाही एवढंच पाहणं त्यांची नोकरी. टिपणीस सांगून थकला, की त्या काळी तुमची कंपनीच नव्हती. कामत म्हणायचे, "मग पगार कोण देतंय?"

पुढे मुंबईत साहेबांनी हे दृश्य पाहिलं आणि विचारलं, तो हातावर काय घासतोय? कामत पटकन म्हणाले, "ग्रीस तपासतोय, सर." साहेब म्हणाले, मग तोंडात कशाला घालतो? कामतांनी क्षणभर विचार केला.

"जर्मन लोक फार बारकाईनं तपासतात, सर."

साहेबांनी ते वहीत टिपून घेतलं म्हणे.

* * *

विलायतेत एके काळी कायदा होता. रस्त्यावर यंत्राची गाडी आली, की तिच्यापुढे एका माणसानं लाल निशाण घेऊन चालायचं, म्हणजे लोक सावध होतील. टिपणीसला ते दृश्य हवंच होतं. निशाणवाला झाले कामत. उंच हॅट, एका हातात लाल निशाण, दुसऱ्या हातात काय ते सांगायला नकोच. डबा.

जागा निवडली कर्जतच्या अलीकडची, रस्ता सपाट, झाडी बेताची. रस्त्याला लागूनच रेल्वेचे रूळ, पण आम्हाला रुळांशी काय करायचं होतं? कामत ऐटीत निशाण हलवत निघाले, मागे मोटार, मागे धर्माची गाडी, गाडीत मी कॅमेरा घेऊन.

आणि पुण्याकडून मालगाडी आली. ड्रायव्हरनं लांबून लाल निशाण पाहिलं. आख्खी मालगाडी कर्कश ओरडत, ठिणग्या उडवत, बरोबर आमच्या शेजारी येऊन उभी राहिली. कामत तरी थांबावेत की नाही? पण टिपणीसनं कट म्हटल्याशिवाय थांबायचं नाही असं त्यांना बजावलेलं, आणि टिपणीस चालत येत होता, तो अजून मागेच. त्यामुळे गाडी थांबली तरी कामत निशाण हलवतच होते.

ड्रायव्हर उतरला, मागून गार्ड पळत आला. पुढं काय झालंय, पूल पडला, रूळ उखडला, कुणी सांगेना. धर्मानं त्यांना समजावलं, की काय नाय झालं, आमी विलायतेत हाय. ड्रायव्हरचा चेहरा असा झाला, की मी कॅमेऱ्याआड लपलो. त्यानं टिपणीसला, मला, कामतांना, हॅटला, डब्याला, सगळ्यांना हिंदी, मराठी आणि इंग्रजीत ऐकवलं. शेवटी त्याची नजर मोटारीकडे गेली. राग ओसरला. त्यानं अगदी काळजीनं सोराबशेठला विचारलं, "ही चालते?"

शेठ त्या दिवशी जेवला नाही.

* * *

पहिली मोटार पाहून खेडूत घाबरून पळतात, हे दृश्य प्रत्येक पुस्तकात होतं. चौकच्या लोकांना टिपणीसनं विचारलं. ते रागावले. लढाईत या रस्त्यावरून रोज लष्कराचे ट्रक गेले, तेव्हा आमच्या कोंबड्यासुद्धा घाबरल्या नाहीत, आणि या खटाऱ्याला आम्ही घाबरू? घाबरायला माणसं हवी असतील तर डोंगराकडं जा, कोंडाण्याच्या वाडीला.

गेलो कोंडाण्याला. तिथली मंडळी फार अगत्याची. मोटार बघायला सगळी वाडी जमली, पण घाबरेना. उलट एक म्हातारी बोनेटवर लाकडाची मोळी टेकवून दम खात उभी राहिली. टिपणीसनं हात जोडले, निदान थोडं तरी घाबरा. एक जण म्हणाला, आमी वाघाला घाबरतो, हिला कशाला घाबरायचं?

टिपणीसच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानं मला कॅमेरा लावायला सांगितला, स्वतः झाडीत गेला आणि ओरडला, "वाघ! वाघ!"

आता वाघ म्हटल्यावर शहरातला माणूस लांब पळतो. कोंडाण्याची माणसं आवाजाच्या दिशेनं पळाली. बाया, बाप्ये, सगळे कोयते आणि काठ्या घेऊन, आरडाओरडा करत. आणि झाडी होती मोटारीच्या मागे! सोराबशेठनं एवढंच पाहिलं, की शंभरएक माणसं हत्यारं घेऊन आपल्यावर चालून येतायत. तो सीटवर उभा राहिला आणि जीव खाऊन भोंगा वाजवायला लागला. टिपणीस झाडावर चढला होता. त्याला उतरवायला शिडी आणावी लागली.

शॉट मिळाला, नाही असं नाही. मोटारीमुळे घाबरलेला माणूस त्यात स्पष्ट दिसतो. फक्त तो मोटारीत बसलेला आहे.

* * *

आता शर्यतीची रंगीत तालीम. तालमीच्या आधी कामतांच्या मनात आलं, की बैलगाडीच्या आसालाही कंपनीचंच तेल घालावं. घातलं. त्याआधी धर्माची गाडी चालली की चौकभर ऐकू यायची. आता ती मांजरीसारखी गेली. मोटार भोंगा वाजवून निघते न निघते, तोवर सोन्या-बिजल्या पलीकडच्या वडाखाली पोचून उभे. कामत आनंदानं नाचायचे बाकी होते. टिपणीस ओरडला, "अहो, मोटार हरली!" कामत म्हणाले, "पण तेल जिंकलं ना!"

त्या दिवशी मात्र टिपणीसला धर्माशी बोलावंच लागलं. आम्ही वडाखाली बसलो. हरायचं आहे, हे ऐकून धर्मा आधी हसला. मग आम्ही कुणीच हसेना, तेव्हा उठून बैलांकडे गेला. बिजल्याच्या मानेवर थाप मारत राहिला.

मग म्हणाला, "साहेब, शर्यतीत हरलं तर मानूस एकडाव हरतो. उद्याच्याला पुन्ना जिंकतो. ह्या फिल्मवर हरलो, तर तुमी जितक्या गावात दाखवाल तितक्या गावात हरनार. मी मेलो तरी माजं सोन्या-बिजल्या हरतच ऱ्हानार. ह्ये नाय व्हायचं."

इतकी वर्षं मी माणसांना फिल्मवर घेत होतो, पण तिथं माणूस कायमचा अडकतो हा विचार माझ्या डोक्याला शिवला नव्हता. मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं. एवढं वाईट, की तो गाडी जुंपून घरी निघून गेला तेव्हा त्या गाडीत आमचा कॅमेऱ्याचा तिवई-स्टँड आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही.

दुसऱ्या कुणाची गाडी घ्यावी म्हणून चौकात फिरलो. बातमी आधीच पोचली होती. बैल द्यायला कुणी तयार नाही. एकानं बैल आजारी असल्याचं सांगितलं, आणि त्याच वेळी तो बैल मागून येऊन त्याचा सदरा चाटत होता. शर्यत नाही तर शेवटचं वाक्य नाही, आणि वाक्य नाही तर पिक्चर नाही. टिपणीसचा चेहरा उतरला. कंपनीनं काम काढून घेतलं तर त्याला पुढं कुणी उभं करणार नव्हतं.

* * *

स्टँड आणायला आम्ही धर्माच्या घरी गेलो. धर्मा बोलेना. त्याची बायको ठकूबाई बोलत होती. आधी तिनं आम्हाला तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खायला घातली. स्टँड अंगणात उभा होता, त्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या.

ठकूबाईला तिन्ही मुलगेच. लेक नाही, याची खंत ती येईल त्याला सांगायची. तिनं आमची सगळी रड ऐकून घेतली, मग नवऱ्याला विचारलं, की त्या जर्मनीत तुमी दाढी लावून काय केलंवतं? धर्मा म्हणाला, मोटार जन्माला घातली. तसा फोटोच हाय.

"मंग ती तुमची लेकच झाली," ठकूबाई म्हणाली. "लेक सासरी चाललीय. लेकीची गाडी पुढं आन् बापाची मागं, वेशीपतूर पोचवायला. त्यात हरायचं काय हाय?"

धर्मानं तंबाखू थुंकली आणि बैलांकडे पाहिलं. तोड बिनतोड होती. पाठवणीला लेकीच्या पुढं गाडी काढणारा बाप कुठं असतो?

पण धर्माच्या मनातला एक काटा राहिलाच. चौकात सगळ्यांना ठाऊक होईल की पाठवणी होती. कर्जतच्या बाजारात पडदा लावून दाखवाल, तिथं कोण सांगत बसणार? ते म्हणणार धर्मा हरला. ठकूबाई म्हणाली, त्याचं बी बघू. टिपणीसनं ते ऐकलंच नाही. तो एव्हाना मिरच्या काढून स्टँड खांद्यावर घेऊन निघाला होता.

* * *

पाठवणी साग्रसंगीत झाली. सगळी वाडी चौकच्या रस्त्यावर. ठकूबाईनं बोनेटवर खण ठेवला, नारळ ठेवला, तांदळानं ओटी भरली. पितळी दिव्यांना हळदीकुंकू लावलं. मोटार सोराबशेठच्या घरची, म्हणून शेठ व्याही झाला. त्याला फेटा बांधला, तो त्याला एवढा शोभला की त्यानं पुढं महिनाभर काढला नाही. ठकूबाईनं पदर डोळ्याला लावून त्याला सांगितलं, "लेकीला संबाळा. दिवाळीला म्हायेराला न्यायला मुराळी यील, नाय म्हनू नका." शेठ फेट्याच्या आनंदात होता. सगळ्या गावासमोर छातीवर हात ठेवून म्हणाला, "बाई, पारशीचा शब्द!"

ठकूबाई रडली, ते खोटं नव्हतं. मी कॅमेऱ्यातून पाहिलं. तिच्याबरोबर आणखी दोघीचौघी रडल्या. कामतही रडले, पण ते बहुधा ओटीत डबा ठेवू दिला नाही म्हणून असेल.

मग शर्यत. मोटार पुढं, धर्माची गाडी मागं. फक्त ही लेक आहे, हे सोन्या-बिजल्यांना कुणी सांगितलं नव्हतं! ते आपले सवयीनं उधळले. धर्मा उभा राहिला, कासरे पोटाशी ओढून पाठीमागं आडवा झाला, दात आवळले, मानेच्या शिरा टरारल्या. मोटार ठकठक करत आपल्या चालीनं चाललेली. बैल तिच्या मागच्या चाकाला नाक लावून फुरफुरत होते, आणि धर्मा जिवाच्या आकांतानं त्यांना मागं धरत होता. पडद्यावर मात्र असं दिसतं, की बिचारा जिवाच्या आकांतानं बैल पळवतोय आणि तरी मोटारीला गाठता येत नाही. साहेबांना तो तुकडा सगळ्यात जास्त आवडला.

मोटार वेशीच्या पार झाली. टिपणीस टाळ्या वाजवत होता. धर्मा खाली उतरला, त्यानं दोन्ही बैलांचा घाम पुसला आणि त्यांच्या कानाशी काहीतरी बोलला. मग माझ्याकडे आला.

"फोटोवाले, पाठवनी काढलीत. आता म्हायेरपन बी काढा."

मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही रे. तो गाडी घेऊन गेला.

* * *

पावसाळा गेला. साहेबांनी मुंबईत पिक्चर पाहिलं, खूश झाले, आणि एकच सुधारणा सांगितली. पिक्चरच्या शेवटी, त्या वाक्यावर, मोटारीत ते स्वतः बसलेले हवेत, हॅट हलवत. कंपनीचा चेहरा लोकांना दिसायला हवा. दिवाळीची सुट्टी होती, म्हणून पाडव्याच्या दिवशी आम्ही साहेबांना घेऊन सोराबशेठच्या बंगल्यावर हजर.

मोटार सुरू होईना. शेठनं हँडल मारलं, मी मारलं, टिपणीसनं न सांगता तीन वेळा सॉरी म्हटलं. कामतांनी आख्खा डबा ओतला. ऊन उतरायला लागलं, साहेब घड्याळ बघायला लागले, टिपणीस रडकुंडीला आला.

एवढ्यात घुंगरांचा आवाज आला. फाटकातून धर्मा पाटील. नवं धोतर, डोक्याला फेटा. पाडवा असल्यामुळे सोन्या-बिजल्या सजवलेले, शिंगं रंगवलेली, गळ्यात झेंडूच्या माळा, पाठीवर झुली. धर्मानं व्याह्याला रामराम केला आणि लेकीसाठी आणलेला खण पुढं केला. मुराळी म्हणून खरं तर भाऊ जातो, पण त्याचे बैल दुसऱ्या कुणाच्या हातानं चालत नव्हते, म्हणून बापच आला होता.

शेठनं गावासमोर शब्द दिलेला. तो आत गेला, आपला फेटा घालून आला आणि दोरखंड स्वतःच्या हातानं मोटारीच्या आसाला बांधला.

हे काय चाललंय, असं साहेबांनी विचारलं. कामत म्हणाले, "सर, हा मोटारीला न्यायला आलाय. लोकांना मोटारीबद्दल फार प्रेम वाटायला लागलंय, सर." साहेब म्हणाले, व्हेरी गुड, आणि मोटारीत चढून बसले.

टिपणीस माझ्या कानाशी आला. हे घेऊ नकोस, म्हणाला, बैल पुढे आहेत रे! मी म्हटलं, तुझ्या साहेबाला उतरायला सांग, मी थांबतो. तो गेला नाही.

धर्मानं कासरा धरला. मागं वळून मोटारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लेक न्यायला आलं की बापाची गाडी पुढं आसती, फोटोवाले. आता काढा."

मी काढलं. सोन्या-बिजल्या निघाले, काय डौल होता! मागं दोरखंड, दोरखंडाला मोटार, मोटारीत शेठ फेट्यात आणि साहेब हॅट हलवतायत. चौकच्या रस्त्याला लागेपर्यंत मी कॅमेरा थांबवला नाही. फिल्मच संपली.

टिपणीसनं तो तुकडा कापायचा फार प्रयत्न केला. साहेब ऐकेनात. त्यांना पडद्यावर बैल दिसलेच नसावेत, स्वतः दिसले. ज्या वाक्यावर त्यांनी जागा मागितली होती, त्याच वाक्यावर तुकडा बसला.

कर्जतच्या बाजारात कंपनीची व्हॅन आली, दोन बांबूंना पडदा बांधला. दिवेलागणीला आख्खा बाजार जमला. चौकहून धर्मा आणि ठकूबाई आलेले. शर्यत आली, मोटार पुढं निघाली, आणि बाजारात कुजबुज झाली, की आरं, धर्माचं बैल मागं पडलं. तो खाली मान घालून बसला. मी त्याच्या शेजारी होतो, मला त्याच्याकडे बघवेना.

आणि मग पडदाभर सोन्या-बिजल्या आले. झेंडूच्या माळा हलवत, घुंगरं नाचवत, आणि त्यांच्या मागं दोरखंडाला बांधलेली मोटार, साहेबासकट. वरून तो भारदस्त आवाज: "आणि अशा रीतीने मोटारीने बैलाला कायमचे मागे टाकले."

धर्मानं मान वर केली.

आणि बायकांच्या बाजूनं ठकूबाई उठून पडद्यावरच्या नवऱ्याला ओरडली, "हळू हाका वो, लेक मागं हाय!"